शिकून घरी परतलेली मुले

(मंडळाच्या गुणवंत विद्यार्थी सत्कार समारंभात केलेले भाषण. स्मरणिकेसाठी काही ठिकाणी वाढविले आहे.)



कार्यवाहांनी आम्हाला ‘शिक्षणाचे महत्त्व’ या विषयावर बोलण्यास सांगितले होते. या व्यासपीठावरून दरवर्षी कोणी ना कोणी त्या विषयावर बोलतच आलेले आहे. शिक्षणाचे महत्त्व पटायचे राहिले आहे असे एकही घर आपल्या वस्तीत आता उरले नसावे. म्हणून कार्यवाहांची परवानगी घेऊन आम्ही विषय थोडा पुढे सरकविला आहे. शिक्षण झाले, पदवी हाती आली, आणि नोकरी नाही म्हणून मुलगा किंवा मुलगी पुन्हा आईबापाच्या घरी येऊन राहिली. त्यानंतर त्या घरात काय होते, याविषयी आम्ही बोलणार आहोत. ही गोष्ट आपण घरात बोलत नाही, मंडळात तर मुळीच नाही.

या भाषणाच्या तयारीसाठी आम्ही मंडळाच्या जुन्या स्मरणिका काढून बसलो. सत्कारमूर्ती विद्यार्थ्यांची यादी नेहमी शेवटच्या पानांवर असते. पाच-सहा वर्षांपूर्वीच्या यादीवर बोट ठेवीत गेलो, तेव्हा लक्षात आले की त्यांतील बरीच मुले आज पुन्हा इथेच, आपापल्या खोलीत आहेत. कोणी बी.कॉम., कोणी एम.एस्सी., एक इंजिनिअर. त्यांच्या गळ्यात याच सभागृहात हार घातला गेला होता. आज त्यांपैकी पुढच्या खुर्च्यांवर कोणी नाही. दोघे-तिघे मागे दाराजवळ उभे आहेत, आम्हाला इथून दिसतात. त्यांनी निघून जाऊ नये. आम्ही कोणाचे नाव घेणार नाही. नाव घ्यायचेच झाले तर स्वतःचे घेऊ, कारण या यादीत पहिले नाव आमचे लागते.

आम्ही जून १९८२मध्ये बी.ए. झालो. विषय अर्थशास्त्र, दुसरा वर्ग. कॉलेज सिद्धार्थ. बाबासाहेबांनी १९४६ साली ते सुरू केले ते नोकरी करणाऱ्या गरीब मुलाला सकाळी शिकता यावे हे ध्यानात ठेवून. आम्हीही सकाळचेच विद्यार्थी. निकाल लागला त्या दिवशी मुंबईच्या गिरणी संपाला पाच महिने होत आले होते. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेला तो संप. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते आणि त्यांत आमचे वडील होते. ते रिंग खात्यात होते. आपली माणसे त्या काळी रिंग खात्यातच असत. विणकाम खात्यात धोटा भरताना सूत तोंडाने ओढावे लागे, म्हणून तिथे आपल्याला घेत नसत, हा इतिहास ज्येष्ठांना ठाऊक आहे, विद्यार्थ्यांसाठी सांगितला.

बीडीडी चाळीतील आमची खोली १६० चौरस फुटांची. त्यातच मोरी, त्यातच चूल, वर पोटमाळा. माणसे सात. वडील रात्रपाळीला जात तेव्हा त्यांची झोपायची जागा आम्हाला अभ्यासाला मिळे आणि ते सकाळी येत तेव्हा आम्ही कॉलेजात असू. एका जागेवर दोन माणसांचा संसार पाळीपाळीने चाले. संप झाला आणि वडील दिवसरात्र घरी. कॉलेज संपले आणि आम्हीही दिवसरात्र घरी. बापलेक दोघे रिकामे, आणि जागा एकच.

आई भायखळ्याच्या बाजारातून पहाटे भाजी आणून चाळीच्या तोंडाशी विकू लागली. घर तिच्यावर चालले. वडिलांना ते सोसवत नसे. ते सकाळी नेहमीच्या वेळी अंघोळ करीत, डब्याची पिशवी काखेत मारीत आणि बाहेर पडत. डबा रिकामाच असे. आम्हीही सर्टिफिकेटांची फाईल घेऊन बाहेर पडायचो. रोज मुलाखत थोडीच असते? सेवायोजन कार्यालयातले कार्ड काढून झाले, टायपिंगच्या क्लासला एक तास जाई, बाकी दिवस वाचनालयात. शेजाऱ्यांना वाटावे की हा कुठेतरी जातो, एवढ्यासाठी. एकदा दुपारी जांबोरी मैदानाच्या कठड्यावर आम्ही बसलो होतो आणि पलीकडच्या टोकाला वडील बसलेले दिसले. पिशवी मांडीवर. त्यांनी आम्हाला पाहिले, आम्ही त्यांना पाहिले. कोणी उठून कोणाकडे गेले नाही. संध्याकाळी जेवताना त्यांनी विचारले, “काय झालं?” आम्ही म्हणालो, “बघू म्हणाले.” कोण बघू म्हणाले, ते त्यांनी विचारले नाही.

हा प्रश्न त्यांनी पुढे अडीच वर्षे रोज विचारला. फक्त दोन शब्द. त्यांत रागही नव्हता. पण संध्याकाळचे सात वाजत आले की आमच्या पोटात गोळा उठे. आम्ही उशिरा घरी येऊ लागलो. जेवण झाकून ठेवलेले असे. आई जागी असे. ती काही विचारीत नसे, ताट वाढीत असे, आणि त्या ताटाचा घास घशाखाली उतरत नसे. कारण ती भाजी विकून आलेले पैसे आम्हाला मोजता येत होते. अर्थशास्त्र शिकलो होतो ना!

फेब्रुवारी १९८३मध्ये वडील गावी गेले, रत्नागिरी जिल्ह्यात. संपातले हजारो कामगार तेव्हा असेच कोकणात आणि घाटावर परतले. आमचे आजोबा हयात होते. म्हणजे पाहा, आम्ही बापाच्या घरी आणि आमचा बाप त्याच्या बापाच्या घरी! पुढे चार महिन्यांनी वडील परत आले, तेव्हा त्यांनी एकदाच त्या दिवसांविषयी सांगितले. आजोबांनी त्यांना काही विचारले नाही. नोकरीचे काय, संपाचे काय, काही नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांच्या हातात कोयती दिली आणि भाजावळीसाठी कवळ तोडायला बरोबर घेऊन गेले. पंचेचाळीस वर्षांचा मुलगा आणि सत्तरी ओलांडलेला बाप दिवसभर कवळ तोडीत होते. वडील म्हणाले, त्या रात्री संप सुरू झाल्यापासून पहिल्यांदा गाढ झोप लागली. एवढे सांगून ते उठले. त्या दिवशी मात्र त्यांनी “काय झालं?” विचारले नाही. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा विचारू लागले. माणसाला कळते ते सगळेच वळते असे नाही.

त्यांना गिरणीने परत घेतले नाही. आम्ही १९८५ साली एका सरकारी कार्यालयात कनिष्ठ लिपिक म्हणून लागलो आणि २०१९ला तिथूनच निवृत्त झालो. आता कोणी म्हणेल, हा गिरणगावातला जुना काळ झाला, आजच्या मुलांना त्याचे काय? म्हणून थोडे आकड्यांकडे वळतो.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि दिल्लीतील मानव विकास संस्था यांनी २०२४मध्ये भारतातील रोजगाराविषयी एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यात २०२२ सालचा हिशेब आहे. लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत बेकारीचे प्रमाण ३.४ टक्के. पदवीधर तरुणांत ते २९.१ टक्के. जवळजवळ नऊपट! हे आकडे वाचून काही लोक लगेच म्हणतात, मग शिकून उपयोग काय? हा निष्कर्ष चुकीचा आहे, आणि आपल्या समाजाला तर घातक आहे. न शिकलेल्या तरुणाला बेकार राहणे परवडत नाही, हा त्या आकड्याचा अर्थ. तो मिळेल ते काम, मिळेल त्या मजुरीवर, त्याच दिवशी धरतो, आणि हिशेबात तो रोजगारवाला ठरतो. पदवीधर थांबतो, शिक्षणाला साजेसे काम मिळेपर्यंत वाट पाहतो. पण वाट पाहण्याला पैसे लागतात. हे पैसे कोण देते? सरकार देत नाही. शिष्यवृत्ती शिक्षण चालू असेपर्यंत. वसतिगृह शेवटची परीक्षा झाली की खोली रिकामी करायला सांगते. २०१६-१७पासून स्वाधार योजना आहे, वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या मुलांना तिचा मोठा आधार झाला, तीही शिकत असेपर्यंतच. म्हणजे मुलगा ज्या दिवशी पदवीधर होतो, त्या दिवशी त्याचे सगळे आधार एकदम संपतात आणि उरते फक्त आईबापाचे घर. या देशात बेकारभत्ता आहे, तो घरातला भात आहे. आणि तो देणारी माणसे कोण? सफाई खात्यातला बाप, धुणीभांडी करणारी आई, रिक्षावाला भाऊ.

गावाकडे ज्यांना जमीन आहे त्यांची बेकारी झाकली जाते. एम.ए. झालेला मुलगा घरी आला तर लोक म्हणतात, शेती बघतो. शेती दोन एकर, बघणारे चौघे. पण म्हणायला शब्द आहे. आपल्यातल्या बहुतेकांना गावी जमीन नाही, त्यामुळे तो शब्दही नाही. आपला मुलगा रिकामा तर रिकामाच दिसतो.

इथे बाबासाहेबांच्या चरित्रातील एका वर्षाची आठवण देणे भाग आहे. आपण जयंतीच्या भाषणांत १९१३ सांगतो, अमेरिकेला गेले. १९१५ सांगतो, एम.ए. झाले. मग एकदम १९२०, पुन्हा लंडन. मधले काय? शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. बडोद्याला नोकरीवर गेले, तिथे राहायला जागा मिळेना, पारशी वसतिगृहातून बाहेर काढले गेले, ते आपण जाणतो. पण त्यानंतर? त्यानंतर ते मुंबईला घरी आले. परळच्या पोयबावडीतील इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत. आईवडील दोघेही तोवर राहिले नव्हते, घरात रमाई होत्या, कुटुंब होते, आणि नोकरी नव्हती. कोलंबिया विद्यापीठाची पदवी घेतलेला माणूस शिकवण्या करीत होता. व्यापाऱ्यांना शेअरविषयी सल्ला देण्याचे काम सुरू करून पाहिले, जात कळल्यावर गिऱ्हाईक येईना. नोव्हेंबर १९१८मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकाची जागा मिळेपर्यंत सुमारे एक वर्ष असे गेले. त्या वर्षावर आम्ही आजवर एकही भाषण ऐकलेले नाही. जणू ते वर्ष नव्हतेच.

आणि याच १९१८ साली त्यांनी भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात त्यांचे म्हणणे असे की जमिनीचे तुकडे पडणे हा मूळ रोग नाही. दुसरा धंदा नसल्यामुळे फार माणसे जमिनीवर अवलंबून राहतात, हा रोग आहे. भांडवल पडून राहिले तर ते नुसते पडून राहते, पण माणूस रिकामा असला तरी त्याला जगावे लागते, खावे लागते. तो खातो ते दुसऱ्याच्या मिळकतीतून. त्यावर उपाय म्हणून त्यांनी उद्योगधंद्यांच्या वाढीकडे बोट दाखविले. हा निबंध आम्ही बी.ए.ला असताना वाचला नाही, नोकरी लागल्यावर पुष्कळ वर्षांनी वाचला. वाचताना आम्हाला आईची भाजीची टोपली दिसत होती. जे आम्हाला ताटावर बसून नुसते टोचत होते, ते त्यांनी अर्थशास्त्रात मांडून ठेवले होते. आणि दोष त्या रिकाम्या माणसाला दिलेला नव्हता, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

आता आमच्या घरातली दुसरी गोष्ट सांगतो. ती सांगायला आम्हाला पहिलीपेक्षा जड जाते.

आमची मुलगी २०१८ला रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाली आणि स्पर्धा परीक्षेसाठी पुण्याला गेली. सदाशिव-नारायण पेठेकडची अभ्यासिका, कॉट बेसिसवरची खोली, मेसचा डबा. महिन्याला आठ-नऊ हजार आम्ही पाठवीत असू. तक्रार नव्हती. आम्हाला वाटे, आपण जांबोरी मैदानावर बसलो, ती तरी अभ्यासिकेत बसते आहे. राज्यसेवेची पूर्वपरीक्षा ५ एप्रिल २०२०ला व्हायची होती. मार्चमध्ये टाळेबंदीची चाहूल लागली आणि ती पुस्तकांच्या दोन पिशव्या घेऊन घरी आली. पंधरा दिवसांसाठी म्हणून. ती परीक्षा पुढे गेली, पुन्हा गेली, पुन्हा गेली. मार्च २०२१मध्ये आणखी एकदा पुढे ढकलल्याचे जाहीर झाले तेव्हा पुण्यात मुले रस्त्यावर उतरली, ते आपण सर्वांनी पाहिले. शेवटी २१ मार्च २०२१ला ती झाली. पंधरा दिवसांसाठी आलेली मुलगी एक वर्ष झाले तरी घरीच होती. त्याच १६० चौरस फुटांत. आमचे निवृत्तिवेतन सुरू झालेले, म्हणजे आम्हीही दिवसभर घरी. पुन्हा दोन रिकामी माणसे आणि एक जागा.

आणि आम्ही काय केले? रोज संध्याकाळी जेवताना विचारू लागलो, “काय झालं बेटा?”

आम्हाला कळलेही नाही की आम्ही वडिलांचेच शब्द बोलतो आहोत. वर ‘बेटा’ जोडला म्हणजे प्रश्न मऊ झाला असे आम्हाला वाटत होते.

मुलगी घरी येते तेव्हा आणखी एक गोष्ट होते, तिच्याविषयी भगिनींसमोर बोलले पाहिजे. आमचा मुलगा तेव्हा बी.कॉम.ला होता. तो पोटमाळ्यावर पुस्तक घेऊन चढला की आमची पत्नी रेडिओ बंद करायची. मुलगी पुस्तक घेऊन बसली की तिला सांगितले जाई, “जरा कुकर लाव गं.” सांगणारी तिची आईच असे, आणि ऐकून गप्प बसणारे आम्ही. शिकून आलेला मुलगा घरात अभ्यासाला आलेला असतो आणि शिकून आलेली मुलगी घरकामाला, असा अलिखित नियम कोणी केला माहीत नाही. त्यात नातेवाइकांचे फोन सुरू झाले. एक चांगले स्थळ आहे, मुलगा रेल्वेत आहे, आणखी किती दिवस बसवून ठेवणार? बसवून ठेवणार! जणू ती आमच्या दुकानातला माल होती. मुलाला नोकरी नसेल तर लग्न थांबते, मुलीला नोकरी नसेल तर लग्न घाईने उरकायचे. आपण पंचशील म्हणतो, सावित्रीबाईंची जयंती करतो, आणि फोनवर असे बोलतो.

हळूहळू ती आमच्याबरोबर जेवेनाशी झाली. भूक नाही म्हणायची. आम्ही समजलो, अभ्यासाचा ताण. खरे तर आम्हाला सगळ्यांत आधी समजायला हवे होते.

२०२१च्या पावसाळ्यात एका रात्री तिने आमच्यासमोर एक वही आणून ठेवली. दोनशे पानी वही. आम्हाला वाटले, अभ्यासाची टिपणे. ती हिशेबाची वही होती. पुण्याच्या पहिल्या महिन्यापासून आम्ही पाठविलेला प्रत्येक रुपया तिने लिहून ठेवला होता. अभ्यासिकेचे शुल्क, परीक्षांचे अर्ज, एकदा ताप आला तेव्हाची औषधे, आणि घरी आल्यापासून जेवणाचे म्हणून महिन्याला दीड हजार तिने स्वतःच धरले होते. खाली एकूण बेरीज. ती म्हणाली, “पप्पा, हे मी फेडणार आहे. पण रोज विचारू नका. रोज तेच उत्तर द्यायला मला लाज वाटते. महिन्यातून एकदा विचारा. मी स्वतःहून सगळं सांगेन.”

आम्ही ती बेरीज पाहत राहिलो. भात-भाजीचेही पैसे धरले होते मुलीने! आमच्या आईने आम्हाला अडीच वर्षे जेवू घातले त्याचा हिशेब आम्ही मनात ठेवला, तोंडाने कधी बोललो नाही, आणि आई गेली. मुलीने निदान वही उघडली. आमची पत्नी रडू लागली. आम्हाला राग आला. हो, खोटे कशाला सांगा, पहिला राग आला. आम्ही म्हणालो, “बापाशी व्यवहार करतेस?” ती शांतपणे म्हणाली, “व्यवहार तुम्ही करता. रोज संध्याकाळी वसुलीला येता.”

त्या रात्री आम्ही जिन्यात जाऊन बसलो. बऱ्याच वेळाने आमची पत्नी बाहेर आली आणि म्हणाली, “पोरगी खरं तेच बोलली. तुम्ही बाबांसारखे विचारता.” सासऱ्यांना ती बाबा म्हणत असे. तिने ते जांबोरी मैदान पाहिलेले नव्हते, पण आमच्याकडून शंभर वेळा ऐकले होते. आम्ही एकटेच ते विसरलो होतो.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात महिन्याचा पहिला रविवार ठरला. दुपारी जेवण झाल्यावर चौघे बसायचे. त्या दिवशी सगळे बोलायचे, इतर दिवशी नोकरीचा विषय काढायचा नाही. पहिल्या बैठकीत आम्ही आमचे निवृत्तिवेतन किती, पतपेढीचे कर्ज किती, भिशीचा हप्ता किती, हे मुलांना सांगितले. त्यांना त्यांतले काहीच माहीत नव्हते. मुलाला वाटत होते पैसे भरपूर आहेत, मुलीला वाटत होते मुळीच नाहीत. दोघेही चुकत होते. जेवणाचा हिशेब वहीतून खोडायला लावला. बाकीचा तिने खोडू दिला नाही, आणि आम्हीही हट्ट धरला नाही. कुकर कोणी लावायचा, तेही त्याच दिवशी ठरले. मुलाने तोंड वाकडे केले, पण लावू लागला. पहिल्या आठवड्यात दोनदा डाळ करपली.

सर्वांत अवघड बोलणे मुदतीचे झाले. २०१६ साली राज्याने नोकरीसाठीची वयोमर्यादा वाढविली, खुल्या प्रवर्गाला ३८ आणि राखीव प्रवर्गाला ४३. त्या वेळी आपण सर्वांनी आनंद केला होता आणि तो रास्तही होता. पण घरात बसून पाहिले की दुसरी बाजू दिसते. दार ४३पर्यंत उघडे आहे म्हटल्यावर आता पुरे, असे कोणी म्हणायचे आणि कधी? २०२३च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या थोड्या वर जागा आणि अर्ज दहा लाखांहून अधिक. राखीव प्रवर्गाला एका अर्जाचे शुल्क ९०० रुपये. २०२४च्या पोलीस भरतीत साडेसतरा हजारांच्या आत जागा आणि अर्ज सतरा लाखांवर. ही परीक्षा देऊ नका असे आम्ही म्हणत नाही, आमचा स्वतःचा संसार सरकारी नोकरीवर झाला. पण शंभरातल्या नव्व्याण्णवांना नकार मिळणारच, हे गणित अर्ज भरण्याच्या आधी घरात मांडले पाहिजे. नकार आल्यावर मांडले की ते मुलाच्या अंगावर येते.

मुलीनेच मुदत घातली. आणखी दोन प्रयत्न. मधल्या काळात चाळीतल्या नववी-दहावीच्या मुलांच्या विज्ञानाच्या शिकवण्या. दोन्ही प्रयत्न झाले. एकदा मुख्य परीक्षेपर्यंत गेली, निवड झाली नाही. २०२३मध्ये ती ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका खासगी प्रयोगशाळेत लागली. सुरुवातीचा पगार सोळा हजार. नात्यातले एकजण म्हणाले, “एम.एस्सी. करून सोळा हजार?” आम्ही त्यांना उत्तर दिले नाही. ती अजून आमच्याबरोबरच राहते. नोकरी आहे म्हणून घर सुटते असे नाही, मुंबईत सोळा हजारांत खोली कुठे मिळते? ऑगस्ट २०२५मध्ये वरळीच्या बीडीडीतील ५५६ कुटुंबांना पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. आमची पाळी अजून यायची आहे. मुलीने तिच्या खोलीची जागा कागदावर आखून ठेवली आहे. मुलानेही तीच जागा आखली आहे, त्यामुळे पहिल्या रविवारी सध्या तोच विषय असतो.

अध्यक्ष महाशय घड्याळाकडे पाहत आहेत, तेव्हा मंडळाविषयी दोनच गोष्टी बोलतो. हे सभागृह वर्षातले किती दिवस उघडे असते? जयंती, महापरिनिर्वाण दिन, बुद्धपौर्णिमा, वर्षावासातील प्रवचने, काही लग्ने, आणि आजचा सत्कार. बाकी दिवस कुलूप. पंखे आहेत, दिवे आहेत, खुर्च्या आहेत. आणि पलीकडच्या चाळींतून मुले पुस्तके घेऊन जिन्यात बसलेली आहेत. गेल्या महिन्याच्या बैठकीत हा विषय आम्ही काढला, तेव्हा वीजबिलाचा प्रश्न निघाला. प्रश्न खरा आहे. आजच्या हारतुऱ्यांचे आणि शालींचे बिल आम्ही खजिनदारांना विचारले. तेवढ्यात सभागृहाचे पाच महिन्यांचे वीजबिल भरते. सत्कार नको असे आम्ही म्हणत नाही, एका गुलाबाने भागते एवढेच म्हणतो. काही जणांना हे आवडणार नाही, ते आम्हाला दिसते आहे.

दुसरे असे की सत्काराच्या यादीतील मुले दोन-तीन वर्षांनी कुठे आहेत, याची चौकशी मंडळाने करावी. पण रस्त्यात गाठून “काय झालं?” अशी नको. आपल्यात बँकेत, रेल्वेत, महापालिकेत, कंपन्यांत असलेले सभासद आहेत. कुठे जागा निघते, कुठे शिकाऊ उमेदवार घेतात, कोणता अर्ज फसवा आहे, हे त्यांना मुलांच्या आधी कळते. ते त्यांनी इथे येऊन फळ्यावर लिहावे. फळा आम्ही आमच्या खर्चाने आणलेला आहे, तो दाराशेजारी लावला आहे. आज त्यावर काही लिहिलेले नाही.

कार्यकारिणीने तूर्त तीन महिन्यांसाठी परवानगी दिली आहे. उद्यापासून हे सभागृह रोज सकाळी सात ते रात्री दहा उघडे राहील. किल्ली आमच्याकडे असते. मागे दाराजवळ जे उभे आहेत, त्यांच्यापैकी कोणाला सकाळी लवकर उठायची सवय असेल तर त्याने समारंभ संपल्यावर आम्हाला भेटावे. दुसरी किल्ली करून घेतली आहे, ती त्याला द्यायची आहे.